पुरेसे काडतूस

मामांच्या निधनानंतर घरातली रायफल नियमाप्रमाणे जमा करणे आवश्यक होते, म्हणून माझी मामेबहीण आणि मी ती घेऊन कोल्हापुरातल्या एका शस्त्रविक्रेत्याकडे गेलो. कागदपत्रांची तपासणी चालू असताना दुकानाच्या मागच्या खोलीतून एक वृद्ध कारागीर बाहेर आले. त्यांच्या हातांना तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. त्यांनी रायफलीकडे फारसे पाहिलेच नाही. खोक्यात उरलेल्या काडतुसांतले एक उचलून त्यांनी तळहातावर तोलले, त्याच्या पितळी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “तीनशे पंधरा. मूळचं परदेशातलं हाय हे, पर जगलं ते हितंच.” मामेबहीण सहज बोलून गेली की आमच्या आजोबांनी याच रायफलीने दाजीपूरच्या बाजूला गवा मारला होता आणि त्याची शिंगे अजून सोप्यात लावलेली आहेत. म्हाताऱ्यांनी काडतूस पुन्हा एकदा हातात तोलले. “एवढं पुरलं का हो गव्याला?” त्यांनी विचारले. त्या स्वरात टीका नव्हती, एका जाणकाराची स्वच्छ जिज्ञासा होती. मामेबहीण एकदम गप्प झाली. पावतीवर शिक्का बसला, आम्ही बाहेर पडलो, आणि तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर चालत राहिला.

मी शिकारी नाही. माझ्या पिढीत तो प्रश्नच उद्भवत नव्हता. तरीही लहानपणापासून मला काडतुसांचे आकर्षण होते, आणि ते अजून गेलेले नाही, हे मी लपवत नाही. बंदुकीपेक्षा काडतुसात मला अधिक काही वाचता येते. बंदूक माणसाच्या खांद्यासाठी आणि नजरेसाठी घडवलेली असते. काडतुसात मात्र कोणत्या प्राण्यावर, किती अंतरावरून, कोणत्या हवेत आणि कोणाच्या परवानगीने बार टाकायचा आहे, हे सगळे पितळ, दारू आणि शिसे यांच्या प्रमाणात बसवलेले असते. आजोबांच्या कपाटात कापूर आणि बंदुकीचे तेल यांचा मिसळलेला वास असे. तिथे खालच्या खणात ती काडतुसे रांगेने उभी असत. काळवंडलेली पितळी पुंगळी, तिच्या तोंडाशी बसवलेली बोथट गोळी, आणि गोळीच्या टोकाला आवरणाबाहेर डोकावणारे करडे शिसे. ते उघडे शिसे लागताक्षणी पसरण्यासाठी असते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तोपर्यंत ते मला केवळ सुंदर वाटत असे.

कारागिरांचे म्हणणे अगदी खरे होते. आपल्याकडे इंचाच्या मापावरून .३१५ म्हणून ओळखले जाणारे हे काडतूस म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे आठ मिलिमीटरचे मॅनलिखर काडतूस होय. त्याचा उगम १८८८च्या सुमारास काळ्या दारूच्या अखेरच्या दिवसांत झाला, आणि लवकरच त्यात धूर न करणारी दारू भरली जाऊ लागली. ज्या सैन्यासाठी ते जन्मले त्याचे साम्राज्य १९१८मध्ये संपले, आणि पुढे खुद्द ऑस्ट्रियाने वेगळे काडतूस स्वीकारले. पण हिंदुस्थानात इंग्रज सरकारने सैन्याचे .३०३ काडतूस सामान्य नागरिकाला बंद केलेले होते. सैन्याचा दारूगोळा बाहेर फिरू नये आणि बाहेरची रायफल सैन्याच्या काडतुसावर चालू नये, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. तेव्हा नागरिकांना विकण्यासाठी एक असे काडतूस हवे होते, जे शिकारीला चालेल आणि बंडाला निरुपयोगी ठरेल. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने याच मापाच्या रायफली हिंदुस्थानसाठी बनवल्या, आणि स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने तोच वारसा चालवला. खडकीच्या कारखान्याची इंग्रजी आद्याक्षरे असलेली काडतुसे माझ्या आजोळच्या कपाटात होती. एका परक्या साम्राज्याने टाकून दिलेले माप दुसऱ्या परक्या साम्राज्याच्या भीतीमुळे आमच्या भुदरगड तालुक्यातल्या एका वाड्यात येऊन राहिले. त्या मापाची निवड गव्याकडे पाहून कोणीही केलेली नव्हती.

कायद्याने काडतुसे घडवण्याचे हे एकटेच उदाहरण नाही. त्याहून ठळक उदाहरण मोठ्या शिकारीच्या काडतुसांचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस .४५० मापाच्या दुनळी रायफली हत्ती, गवा आणि वाघ यांच्यासाठी उत्तम मानल्या जात. त्याच मापाच्या नळीची मार्टिनी-हेन्री ही सैन्यातली जुनी रायफल बंडखोरांच्या हाती पडू लागली होती, आणि शिकारी काडतुसांतल्या गोळ्या काढून त्या तिच्यासाठी वापरता येतील, अशी धास्ती सरकारला वाटली. १९०७च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान येथे .४५० मापाच्या रायफलींवर बंदी आली. लंडनच्या आणि बर्मिंगहॅमच्या बंदूककारांचा मोठा गिऱ्हाईक-वर्ग एका हुकुमाने हातचा जात होता, म्हणून प्रत्येकाने आपापले नवे माप काढले. हॉलंड अँड हॉलंडचे .४६५, जोसेफ लँगचे .४७०, वेस्टली रिचर्ड्सचे .४७६, शिवाय .४७५ची भावंडे. या सर्वांत .४७० टिकले, कारण ते एका कारखान्यापुरते बांधलेले राहिले नाही. आज मोठ्या शिकारीचे अभिजात काडतूस म्हणून ज्याचे नाव आदराने घेतले जाते, ते एका पोलिसी शंकेतून जन्माला आलेले आहे. हत्तीचे कातडे १९०७मध्ये अधिक जाड झालेले नव्हते.

या काडतुसांच्या लांबलचक, निमुळत्या पुंगळ्यांकडे पाहिले की मला आपल्याकडचा वैशाख आठवतो, आणि तो आठवणे योग्यच आहे. त्यांत भरली जाणारी कॉर्डाइट ही दारू १८८९मध्ये तयार झाली. तिच्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन म्हणजे स्फोटक कापूस आणि ५ टक्के व्हॅसलीन असे. हे मिश्रण शेवयांसारखे लांब ओढून त्याच्या काड्यांची जुडी पुंगळीत बसवलेली असे. कॉर्डाइटचा एक दोष असा की, तापलेल्या काडतुसात ती अधिक जोराने जळते. स्कॉटलंडच्या थंडीत व्यवस्थित चालणारे काडतूस विदर्भाच्या किंवा मध्य प्रांताच्या उन्हात तापले की, पुंगळीतला दाब वाढतो, पितळ फुगून नळीला घट्ट चिकटते आणि रिकामी पुंगळी बाहेर येत नाही. समोर जखमी जनावर असताना पुंगळी अडकणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. म्हणून मोठ्या काडतुसांची पुंगळी मुद्दाम ऐसपैस ठेवत, जेणेकरून दाब मुळातच कमी राहावा. तिला निमुळता आकार देत, म्हणजे ती चटकन सुटावी. तिच्या बुडाला रुंद कड ठेवत, म्हणजे दुनळीतल्या खेचणीला तिला पकडता यावे. उष्ण प्रदेशासाठी दारू थोडी कमी भरलेली काडतुसेही मिळत. १९११मधले लंडनच्या रिग्बी कंपनीचे .४१६ आणि १९१२मधले हॉलंडचे .३७५ यांच्या आकारातही हीच काळजी दिसते. या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्यांनी ते ऊन न सोसता, हजारो मैलांवर बसून त्या उन्हाचा विचार केला, त्यांची बुद्धी मी नाकारू शकत नाही. तिचा उपयोग कशासाठी झाला हे ठाऊक असूनही नाकारू शकत नाही.

आता वजनाकडे येतो, कारण कारागिरांचा प्रश्न वजनाचाच होता.

.३१५ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमची असते. ती सेकंदाला साधारण ६०० मीटर वेगाने निघते. .४७०ची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे ३२ ग्रॅमहून थोडी अधिक, आणि तिचा वेग ६५० मीटरच्या आसपास. वेगात फारसे अंतर नाही, पण वजन दुपटीहून अधिक आहे. हरणासाठी, सांबरासाठी, डुकरासाठी .३१५ पुरते, आणि गरीब किंवा मध्यम स्थितीतल्या असंख्य शिकाऱ्यांनी तिने वाघही मारले, कारण लंडनची दुनळी त्यांच्या आवाक्यातली वस्तू कधीच नव्हती. पूर्ण वाढलेला गव्याचा नर नऊशे-हजार किलोंपर्यंत भरतो. त्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत जो उंच कणा जातो, तो मणक्यांच्या लांब काट्यांवर उभा असतो. त्यामुळे बघणाऱ्याला शरीराचा मध्य जिथे वाटतो, तिथे तो नसतोच. हृदय पुष्कळ खाली, पुढच्या पायाच्या वरच्या भागाआड असते. खांद्याच्या मध्यावर नेम धरणाऱ्याची गोळी बहुधा वर बसते. मऊ टोकाची गोळी त्या जाड स्नायूत लगेच पसरते आणि आत पोहोचण्याआधी थांबते. म्हणून गव्यासाठी आणि हत्तीसाठी संपूर्ण धातूचे आवरण असलेली, न पसरणारी टणक गोळी वापरत आणि वाघासाठी मऊ टोकाची. आजोबांच्या खणातली सगळी काडतुसे मऊ टोकाची होती.

वजनाच्या बाजूने बोलणाऱ्यांसमोर नेहमी एक नाव ठेवले जाते, ते वॉल्टर बेल यांचे. या स्कॉटिश माणसाने युगांडातल्या करामोजा भागात आणि आसपास एक हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतले बहुसंख्य हत्ती .२७५ रिग्बीने, म्हणजे मुळात सात मिलिमीटरच्या माउझर काडतुसाने मारले. ती गोळी १७३ ग्रेनची, जेमतेम ११ ग्रॅमची. हत्तींच्या कवट्या करवतीने कापून बेल यांनी मेंदूची नेमकी जागा आणि प्रत्येक कोनातून तिथे पोहोचण्याची वाट अभ्यासली होती. लांब, टणक, आवरणयुक्त गोळी हाडातून सरळ जाते, हे त्यांना माहीत होते, आणि नेमाची खात्री नसेल तर ते चाप ओढत नसत. हे वाचताना लहान गोळीचा मोठेपणा मनात भरतो. पण त्या कौशल्याच्या नावावर जी नक्कल झाली तिचा विचार केला की मी अस्वस्थ होतो. बेलचे काडतूस कोणालाही विकत घेता येत होते. बेलचा अभ्यास, हात आणि संयम विकत मिळत नव्हते. पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांनी धोकादायक जनावरांच्या शिकारीसाठी किमान .३७५ मापाचे बंधन घातले. ते नियम बेलसारख्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेले नव्हते. ते इतर सर्वांसाठी होते. हस्तिदंतासाठी एकट्या माणसाने हजारावर हत्ती मारावेत, ही गोष्ट नेमाच्या कौतुकात झाकली जाऊ नये, असेही मला वाटते. कित्येक हत्ती एकेका गोळीत पडले, एवढ्याने ती संख्या हलकी होत नाही.

बेलच्या हातातले हेच .२७५ काडतूस आपल्याकडे जिम कॉर्बेट यांच्यामुळे ओळखीचे झाले. १९०७मध्ये कुमाऊँतल्या चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना या मापाची रिग्बी रायफल भेट दिली. खुद्द चंपावतच्या वेळी त्यांच्याकडे .५०० मापाची जुनी रायफल होती आणि शेवटच्या हाक्याच्या, म्हणजे आरडाओरडा करत जनावर शिकाऱ्याकडे हाकलण्याच्या, दिवशी जवळ फक्त तीन काडतुसे. त्या हाक्यासाठी तहसीलदारांनी २९८ माणसे जमवली होती. ढोल, मिळतील ती हत्यारे, आणि काहींच्या हातात परवाना असलेल्या आणि नसलेल्याही बंदुका. तिन्ही काडतुसे संपल्यावर कॉर्बेट धावत तहसीलदारांकडे गेले आणि त्यांच्या हातची बंदूक घेऊन परत वाघिणीसमोर आले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यामध्ये चांगलीच फट आहे. हा प्रसंग शौर्याचा म्हणून आपण वाचतो आणि तो तसा आहेच. मला मात्र त्यानंतरचा तपशील सोडत नाही. वाघीण मेल्यावर तिचे तोंड तपासले तेव्हा उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले दिसले. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. ती जखम जुन्या गोळीची होती. तिच्यामुळे वाघिणीला नेहमीची शिकार करता येईना आणि ती माणसांकडे वळली. नेपाळमध्ये दोनशे आणि कुमाऊँमध्ये २३४, असे ४३४ बळी तिच्या नावावर नोंदले गेले.

कोणीतरी कधीतरी एक बार टाकला होता, आणि तो पुरला नव्हता.

ती गोळी कोणत्या मापाची होती, टाकणारा गोरा होता की स्थानिक, त्याने मागे जाऊन पाहिले की घरी जाऊन जेवला, यातले काहीही कोणाला ठाऊक नाही. त्याने कदाचित आयुष्यभर त्या वाघिणीची गोष्ट सांगितली असेल. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्याची कहाणीही याच वळणाची आहे. १९१८ ते १९२६ या काळात त्याच्या नावावर १२५ बळी होते, आणि त्याच्या मागच्या पायाचे एक बोट १९२१मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याच्या गोळीने गेलेले होते. त्या रात्री नेम चार बोटे इकडे बसला असता तर पुढची पाच वर्षे यात्रेच्या वाटेवरच्या गावांनी तिन्हीसांजेला दारे लावून घेतली नसती. शेवटी गुलाबराईच्या आंब्यावर बसून कॉर्बेट यांनी त्याला मारले ते .२७५नेच. म्हणजे लहान गोळी पुरली, आणि दुसऱ्या कोणाची तरी, कदाचित तिच्याहून मोठीही असेल, पुरली नव्हती. गोळीच्या मापावर वर्षानुवर्षे वाद घालणाऱ्या माणसांना मी या दोन जनावरांच्या जखमांकडे बोट दाखवू इच्छितो. तुमचे काडतूस अपुरे पडले तर त्याची भरपाई कोणी करायची, हा प्रश्न त्यांच्या चर्चेत क्वचित येतो. तुम्ही तर सहसा मचाणावर असता.

मोठ्या दुनळीच्या बाजूने मला सर्वांत पटणारा मुद्दा इथेच आहे. पहिला बार चुकणार, निदान चुकू शकतो, हे गृहीत धरूनच ती घडवलेली असते. दोन नळ्या, दोन चाप, दोन वेगळे खटके, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा उरावा. पाच-सहा किलोंचे वजन खांद्यावरून वाहून नेताना माणूस दमतो. पण जखमी जनावर दाट रानात शिरल्यावर त्याच्या मागे जाणे हे ज्याने बार टाकला त्याचे कर्तव्य आहे, ही जुन्या शिकाऱ्यांची शिस्त त्या वजनात बसवलेली आहे. ही शिस्त सर्वांनी पाळली असे मी म्हणणार नाही. हाक्याला चार आणे रोजावर आलेली माणसे, पुढे वाकून माग काढणारा मागारी, झाडावर चढून नजर ठेवणारे पोर, यांच्या हातात बहुधा कुऱ्हाडीपलीकडे काही नसे. शिकारीच्या जुन्या छायाचित्रांत ती माणसे कडेला उभी असतात, किंवा छायाचित्रकाराने त्यांना वाघाच्या मागे बसवलेले असते. रायफलीचे नाव, माप आणि वाघाची इंचांतली लांबी खाली लिहिलेली असते. त्या माणसांची नावे तिथे नसतात.

दुकानातून परतताना, राधानगरीच्या फाट्यावर आम्ही चहाला थांबलो, तेव्हा मामेबहीण आपणहून बोलू लागली. “दादा, एका बारात पडला नव्हता तो गवा. बाबांनी मला शेवटच्या आजारपणात सांगितलं.” घरात जी गोष्ट आम्ही ऐकत आलो होतो तीत आजोबा, कारवीचे रान, पहाटेचे धुके आणि एक बार एवढेच होते. दाजीपूरचे अभयारण्य होण्याच्या, म्हणजे १९५८च्या आधीची ती गोष्ट. प्रत्यक्षात गोळी वर, त्या उंच कण्यात बसली. गवा गुडघ्यावर आला, उठला आणि कारवीत शिरला. त्याच्या मागे आजोबा आणि वाड्यावरचे एक धनगर, ज्यांना सगळे बापू म्हणत, असे दोघे दोन दिवस फिरले. कारवी डोक्याहून उंच असते आणि तिच्यात हाताच्या अंतरावरचे दिसत नाही. माग काढणाऱ्याला खाली पाहावे लागते, म्हणजे तो समोर पाहू शकत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गव्याने स्वतःच्याच मागावर वळून वाट अडवली होती. तो बापूंवर आला. आजोबांनी दहा पावलांवरून उरलेली सगळी काडतुसे झाडली तेव्हा तो पडला. बापूंच्या बरगड्या आणि कंबर मोडली होती. त्यांना घोंगडीच्या झोळीतून खाली आणले. ते जगले, पण पुन्हा डोंगर चढले नाहीत. दर दिवाळीला आजोळहून त्यांच्या वाड्यावर भाताची पोती जात, हे मी लहानपणी पाहिले होते. ती का जातात हे मी कधी विचारले नव्हते, आणि कोणी सांगितलेही नव्हते.

आजोबांना मी निर्दय म्हणू शकत नाही. ते मागे गेले, दोन दिवस गेले, आणि दहा पावलांवर उभे राहिले. ज्याच्या हाती असे काडतूस होते त्याने त्या जनावरावर बार टाकायलाच नको होता, हे मात्र मी आता निश्चितपणे म्हणतो. गवा शंभर पावलांवर शांत चरत उभा असताना, धुके विरळ होत असताना, हातात रायफल असणाऱ्या तरुण माणसाला “हे पुरणार नाही” असे स्वतःशी म्हणता येणे फार कठीण असावे. त्या क्षणाचे आकर्षण मला समजते. सोप्यातली ती शिंगे मला अजूनही देखणी वाटतात. त्यांचा पिवळसर हस्तिदंती रंग टोकाकडे काळा होत जातो आणि बुडाशी वयाच्या वळ्या आहेत. त्यांच्याखालची जागा मला आता रिकामी दिसते, कारण तिथे बापूंचे काहीच नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी हा सारा व्यवहार आपल्या देशात थांबवला. गवा सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत गेला. राजेरजवाड्यांच्या दुनळी वस्तुसंग्रहालयांत आणि तिजोऱ्यांत गेल्या, आणि .३१५ शेतीच्या राखणीसाठी उरली. मामांनी ती वर्षातून दोनदा तेल लावण्यासाठी काढली. क्वचित रानडुकरे पांगवण्यासाठी आकाशात बार काढला असेल. हे थांबले याचा मला निर्विवाद आनंद आहे. पण मोठ्या जनावरासमोर माणसाने काय घेऊन उभे राहावे, हा प्रश्न कायद्याने संपला नाही. त्याने फक्त रूप बदलले. आता वनविभागाच्या पथकाकडे बेशुद्ध करणारी डार्टची बंदूक असते. तिच्यात दाबलेला वायू किंवा गोळी नसलेले छोटे काडतूस वापरतात, आणि अंतर पाहून जोर ठरवावा लागतो. जोर कमी पडला तर डार्ट पोहोचत नाही, जास्त झाला तर तो जनावराच्या मांसात घुसून इजा करतो. औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि समोरच्या जनावराचे वजन पशुवैद्यकाला नुसत्या नजरेने ताडावे लागते. औषध लागू व्हायला मिनिटे जातात. तेवढ्या वेळात जनावर कुठे जाईल, कोणावर जाईल, हे डार्ट ठरवत नाही. २०१८च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघीण मारली गेली. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर होते, आणि डार्ट मारण्याचा खरोखर प्रयत्न झाला होता का, यावर महाराष्ट्रभर वाद पेटला. त्या वादात दोन्ही बाजूंनी मोठ्या आवेशाने बोलणारे बहुतेक जण शहरात राहणारे होते. मी त्यांच्यापैकीच एक होतो. राळेगावच्या परिसरात कापूस वेचायला पहाटे शेतात जाणाऱ्या बायकांचे म्हणणे आमच्या कानांवर फार उशिरा आले.

९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत शिरलेला गवा पुणेकर विसरलेले नाहीत. त्याच्यावर कोणी गोळी झाडली नाही. त्याच्या मागे माणसे धावत होती, मोबाइल उंच धरलेले होते, आरडाओरडा चालू होता, आणि तो गल्ल्यांतून, फाटकांवर आदळत, तोंडाने रक्ताळत कित्येक तास पळत राहिला. अखेर त्याला बेशुद्ध करण्यात आले आणि त्यानंतर तो मरण पावला. इतका वेळ पळून तापलेल्या, भेदरलेल्या शरीरात गेलेले औषध नेमक्या मात्रेचे असले तरी ते सुरक्षित राहत नाही, हे वन्यजीवांचे पशुवैद्यक सांगतात. दाजीपूरच्या गव्याला दोन दिवस लागले, याला एक सकाळ. मी दूरचित्रवाणीवर ती दृश्ये पाहिली तेव्हा सोप्यातल्या शिंगांची खरी गोष्ट मला माहीत नव्हती. आता ती माहीत झाल्यावर ही दोन जनावरे मला वेगळी करता येत नाहीत. दोघांच्याही बाबतीत जवळ जे होते ते पुरणारे नव्हते, आणि तरीही पाठलाग सुरू केला गेला.

त्याच महिन्यात बावधनजवळ दुसरा गवा दिसला. त्या वेळी वनविभागाने आणि पोलिसांनी आधी माणसांना लांब केले, त्याला मोकळी वाट ठेवली आणि त्याला बेशुद्ध न करता रानाच्या दिशेने जाऊ दिले. या दुसऱ्या गव्याची बातमी पहिल्याच्या मानाने फारच थोड्या जागेत छापली गेली. डार्टची बंदूक त्या दिवशीही पथकाजवळ असणारच. तिची गरज पडू नये म्हणून ज्यांनी तासन् तास रस्त्यावर उभे राहून गर्दी मागे रेटली, त्या वनरक्षकांची आणि शिपायांची नावे मी नंतर बातम्यांत शोधली. ती कुठेही आलेली नव्हती.